चार वाजताच्या भुकेला डाळी-दाण्यांचं घरचं खाणं

भुसावळच्या एका ताईंनी विचारलंय: पुण्याला शिकून परत आलेल्या मुलीने दूध, दही, तूप सगळं सोडलंय. धाकटा मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि पाकिटातलं काहीतरी मागतो. सासूबाईंना मधुमेह आहे, शिवाय त्यांचे दात आता कडक पदार्थ चावू देत नाहीत. या तिघांना चालेल असं निव्वळ वनस्पतीजन्य, पौष्टिक आणि तरी चवीचं मधल्या वेळचं खाणं घरी कसं करायचं? मोबाइलवर बघून त्यांनी ओव्हनमध्ये काबुली चणे भाजले, ते दगडासारखे झाले. भाज्यांचे कटलेट तव्यावर केले, ते आतून गिळगिळीत राहिले. आता टोफू, किनोआ वगैरे आणायला सुरुवात करावी का, असंही त्या विचारतात.

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. टोफू किंवा किनोआ वाईट नाहीत, आवडले तर जरूर आणा. पण ज्या घरात तूरडाळ, उडीद, मठ (मटकी), शेंगदाणे, तीळ आणि ज्वारी आहे, त्या घराचं त्यांच्यावाचून काही अडत नाही. आपल्या खान्देशात फुणके, कळण्याची भाकरी, पातोड्या, बिबडे, शेंगदाण्याची चटणी हे सगळं पिढ्यान् पिढ्या दूध-तुपाशिवायच होत आलंय. मुलीने जे सोडलंय, ते या पदार्थांत मुळात नाहीच.

आता चणे आणि कटलेट. दोन्ही बिघडण्याचं कारण एकच आहे, ते म्हणजे ओल. पदार्थात पाणी कुठल्या टप्प्यावर हवं आणि कुठल्या टप्प्यावर ते पूर्ण निघून गेलं पाहिजे, हे कळलं की तळणाशिवायचं खाणं जमतं. तळताना हे काम तेल करतं. १७०-१८० अंश तापलेल्या तेलात पिठातलं पाणी बघता बघता उडून जातं आणि कुरकुरीतपणा आपोआप येतो, म्हणून तळण सोपं वाटतं. तळायचं नसेल तर तेच पाणी आपल्याला निथळून, वाफवून, मंद आचेवर किंवा उन्हावाऱ्यात घालवावं लागतं. मी बचत गटांतल्या बायकांना खाद्यपदार्थ शिकवते तेव्हा मसाल्याच्या प्रमाणावर फार कमी बोलते. मसाला त्यांच्या हातात असतोच. बोलणं सगळं ओलीवर चालतं.

सुरुवात फुणक्यांपासून, म्हणजे भरड वाटलेल्या डाळीच्या वाफवलेल्या मुटक्यांपासून करा. तुमच्या घरातल्या तिघांनाही चालेल असा हा एकच पदार्थ मला सर्वात भरवशाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२०० ग्रॅम तूरडाळ आणि ५० ग्रॅम हरभरा डाळ धुऊन चार तास भिजवा. रात्रभर नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रात्रभर भिजलेली डाळ सकाळी आंबूस लागते आणि गरजेपेक्षा जास्त पाणीही पिते. चार तासांनी डाळ चाळणीत उपसा आणि अर्धा तास तशीच निथळू द्या. हा अर्धा तास पुष्कळ जणी वाचवायला जातात आणि मग मिश्रण सैल झालं म्हणून त्यात बेसन घालतात. तिथेच फुणका घट्ट आणि चिवट होतो.

मिक्सरमध्ये आधी हिरव्या मिरच्या, दहा-बारा लसणाच्या पाकळ्या आणि जिरे फिरवून घ्या. मग डाळ थोडी थोडी घाला आणि बटण थांबवत थांबवत फिरवा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. पाते अडलं तर भांडं काढून चमच्याने खालवर करा, पण पाण्याकडे हात जाऊ देऊ नका. मूठभर भिजलेली डाळ आधीच बाजूला काढून ठेवा, ती शेवटी अख्खीच मिसळायची. वाटलेल्या डाळीत कण दिसायला हवेत, साधारण जाड रव्याएवढे. वाटण गंधासारखं झालं तर वाफेला आत शिरायला जागा उरत नाही आणि फुणका दडस होतो. कणांमध्ये पोकळी राहिली तर तोच फुणका हलका होतो, खाताना मोकळा सुटतो.

ओल बरोबर आहे का, हे मुठीने बघा. थोडं मिश्रण मुठीत घट्ट दाबा. गोळा टिकला पाहिजे, त्यावर बोटांचे ठसे उठले पाहिजेत आणि हात उघडल्यावर तळव्याला पाणी लागता कामा नये. गोळा टिकत नसेल तर त्यातलंच मूठभर मिश्रण पुन्हा बारीक वाटून उरलेल्यात कालवा, डाळीचा स्वतःचा चिकटपणा पुरतो. कांद्याची पात, कोथिंबीर, हळद, चमचाभर तेल आणि मीठ अगदी शेवटी, उकडायला ठेवण्याच्या वेळी घाला. मीठ आणि कांदा एकत्र आले की पाणी सुटू लागतं, मिश्रण तसंच ठेवलं तर अर्ध्या तासात सैल होतं. सासूबाईंसाठी मिरची कमी घालून त्यांचे चार फुणके आधी वळून बाजूला ठेवता येतील.

हाताला तेल लावून लांबट मुटके वळा. पातेल्यातलं पाणी उकळायला लागल्यावरच तेल लावलेली चाळणी वर ठेवा. पाणी थंड असतानाच ठेवली तर वाफ धरेपर्यंत मिश्रण पसरतं. झाकणाला आतून कोरडं फडकं बांधा. झाकणावर जमलेली वाफ थेंब होऊन फुणक्यांवर पडते आणि वरचा भाग लिबलिबीत होतो, ते फडकं थेंब शोषून घेतं. पंधरा ते अठरा मिनिटं पुरतात. मधोमध सुरी घालून बघा, कोरडी निघाली की गॅस बंद. झाकण काढा आणि पाच-सात मिनिटं हात लावू नका. गरम असताना उचलले तर फुटतात, जरा निवले की अख्खे निघतात.

२५० ग्रॅम डाळीत प्रथिनं पन्नास ग्रॅमच्या वरच असतात. चौघांनी खाल्ले तर प्रत्येकाच्या वाट्याला बारा-तेरा ग्रॅम येतात. पाकिटातल्या खाण्यातून मुलाला हे मिळत नाही, म्हणून तर त्याला तासाभरात पुन्हा भूक लागते. सासूबाईंनाही हे खाणं सोसतं. भरड डाळ हळूहळू पचते, साखर एकदम चढत नाही, आणि वाफवलेला फुणका मऊ असतो, दातांवर जोर येत नाही.

आपल्याकडे फुणक्यांसोबत कढी असते आणि मुलीची अडचण तिथे येईल. तिच्यासाठी दाण्यांची कढी करा. ५० ग्रॅम शेंगदाणे चार तास भिजवा, साल काढा आणि दोन पेले पाणी घालत एकदम बारीक वाटा. त्यात चमचाभर बेसन आणि हळद कालवून मंद आचेवर ढवळत उकळी आणा. फोडणी मेथीदाणे, जिरे, लसूण आणि सुक्या लाल मिरचीची. गॅस बंद केल्यावर चमचाभर आमचूर थोड्या पाण्यात विरघळवून घाला. आमचूर आधी घालून उकळलं तर दाण्यांचं दूध फाटतं आणि कढीत गुठळ्या होतात. धडगावकडचा आमचूर मिळाला तर तोच घ्या, त्याचा आंबटपणा स्वच्छ असतो. कढीच नको असेल तर फुणका कुस्करून त्यावर लहान चमचाभर कच्चं शेंगदाणा तेल आणि बाजूला ठेचा, एवढंही पुरतं. चमचा मोजून घ्या. पाच ग्रॅम तेल म्हणजे पंचेचाळीस कॅलरी, धार धरली की चार चमचे कधी पडले ते कळत नाही.

उरलेले फुणके दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात, असं माझं स्पष्ट मत आहे. रात्रभर फ्रिजमध्ये त्यांची ओल आणखी कमी झालेली असते. जाडसर चकत्या कापा, लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात मोहरी, तीळ, कढीपत्ता टाका आणि चकत्या दोन्ही बाजूंनी लाल होईपर्यंत परता. मुलासाठी हेच करा, मऊ फुणक्यापेक्षा त्याला कुरकुरीत कड आवडेल.

पातोड्यांबद्दल थोडक्यात. एक वाटी बेसनाला दोन वाट्या पाणी, आणि पिठलं कढईची कड सोडून एकत्र गोळा होईपर्यंत घोटायचं. घोटणं अर्धवट राहिलं तर वड्या पडत नाहीत. भाजीच्या रश्शात न टाकता वरून तीळ-कोथिंबीर घालून नुसत्याच खायला द्या. सासूबाईंसाठी हाही मऊ आणि सोपा पर्याय आहे.

आता तुमचे चणे. भिजवून उकडलेला चणा आतपर्यंत पाण्याने भरलेला असतो. तो ओव्हनमध्ये घातला की वरची बाजू आधी वाळून टणक होते, आतलं पाणी अडकतं, आणि ते बाहेर पडेपर्यंत बाहेरचा भाग दगड होतो. भडभुंज्याचे फुटाणे असे होत नाहीत, कारण तो चणा भिजवतच नाही, फक्त ओलवतो. सालाखाली ओल जेमतेम असते. तो तापलेल्या वाळूत पडला की त्या ओलीची झटक्यात वाफ होते, साल तडकतं आणि दाणा फुलतो.

घरी वाळूऐवजी जाडं मीठ घ्या. पाव किलो देशी हरभऱ्यावर हळद-मिठाचं दोन-तीन चमचे कोमट पाणी शिंपडून हाताने चोळा आणि फडक्यात गुंडाळून दोन-तीन तास ठेवा. मग कोरड्या कढईत दोन-तीन मिनिटं गरम करून पुन्हा झाकून निवू द्या. या मधल्या विश्रांतीत ओल दाण्यात सारखी पसरते. जाड बुडाच्या लोखंडी कढईत जाडं मीठ खूप तापवा. चार दाणे टाकून बघा, लगेच तडतडले पाहिजेत. तडतडले की एका वेळी मूठभरच हरभरा टाकून उलथण्याने सतत हलवा, फुटल्याचा आवाज थांबला की चाळणीवर ओता. मीठ खाली पडतं, ते पुढच्या वेळी पुन्हा वापरता येतं. पहिल्या घाण्यात थोडे दाणे न फुटता राहतात, ती मीठ पुरेसं न तापल्याची खूण समजा. कढई ॲल्युमिनियमची किंवा नॉनस्टिक नको.

सासूबाईंना फुटाणे चावणार नाहीत. त्यांच्यासाठी ते सालासकट दळा. दोन मोठे चमचे पीठ, बारीक चिरलेला कांदा, लिंबू, जिरेपूड, चवीला मीठ आणि कालवण्यापुरतं पाणी. उन्हाळ्यात हेच पातळ करून पेल्यात द्या.

ज्वारीच्या लाह्यांचंही तत्त्व फुटाण्यांचंच आहे. ज्वारी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून उपसायची, ओल्या फडक्यात रात्रभर बांधून ठेवायची आणि सकाळी खूप तापलेल्या कढईत मूठ मूठ टाकून फोडायची. सगळीच ज्वारी फुटत नाही. टणक, काचेसारख्या दाण्याची चांगली फुटते, पिठूळ दाण्याची फुटत नाही. म्हणून किलोभर आणण्याआधी दुकानातून मूठभर आणून बघा. एक गोष्ट मात्र सासूबाईंच्या बाबतीत लक्षात ठेवा. लाह्या आणि मुरमुरे हलके असले तरी फुललेलं धान्य चटकन पचतं आणि रक्तातली साखर लवकर वाढवतं. त्यांना नुसता वाडगाभर मुरमुऱ्यांचा चिवडा देऊ नका. त्यात निम्मे फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे बारीक कुटून असू द्या, आणि त्यांच्या औषधांच्या वेळांशी मेळ घालून किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

चिवडा मऊ पडतो अशी तक्रार नेहमी येते. मुरमुरे आधी कोरडेच भाजा, चिमटीत दाबल्यावर चुरा व्हायला हवा. पाव किलो मुरमुऱ्यांना दोन मोठे चमचे तेल पुरे. कढीपत्ता धुतला असेल तर पुसून पूर्ण वाळवलेला हवा, त्याच्या पानांवरचं पाणीच सगळा डबा मऊ करतं. फोडणीत कढीपत्ता चुरचुरीत झाला की मगच मुरमुरे घाला. मीठ बारीक कुटून घाला म्हणजे कमी लागतं आणि सगळीकडे पोचतं. आणि चिवडा पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका.

तुमच्या कटलेटकडे येते. बटाटे, गाजर, मटार पाण्यात उकडले की पाणी पितात, मग कितीही ब्रेडचा चुरा घातला तरी मधला भाग गिळगिळीतच राहतो. त्याऐवजी कच्ची केळी घ्या. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, रावेर-यावलचा केळीचा पट्टा तुमच्या शेजारी आहे, आणि तरी आपल्या घरांत कच्चं केळं वेफर्सपलीकडे फारसं जात नाही, याची मला खरोखर खंत वाटते. केळी सालासकट अख्खी वाफवा, बारा-पंधरा मिनिटं. साल असल्यामुळे पाणी आत जात नाही. सोलून पूर्ण गार होऊ द्या, शक्य असेल तर तासभर फ्रिजमध्ये ठेवा. गार झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट धरतो आणि त्याचा काही भाग पचायलाही सावकाश होतो. मग किसा. चार केळ्यांना अर्धी वाटी जाडसर कुटलेले भाजके दाणे, आलं-मिरची, जिरे, आमचूर, कोथिंबीर आणि मीठ. मैदा नको, ब्रेड नको, कॉर्नफ्लोअर नको. चपट्या टिक्क्या करून तीळ लावा आणि तव्यावर मध्यम आचेवर भाजा. सारखी उलटापालट करू नका, खालची बाजू सुटल्यावर स्वतःच तवा सोडते.

वेफर्स घरी करायचे तर कमी तेलात होत नाहीत, हे सरळ सांगते. ते कधीतरी करा, मनापासून खा. तिखट शेवेचंही तेच. ताटलीभर शेव हे रोजचं खाणं होऊ शकत नाही. मठाच्या उसळीवर चिमूटभर घातली तर मात्र उसळ मुलाच्या पोटात जाते, आणि तेवढ्यासाठी मी शेवेला घरात जागा देईन.

मठाला मोड काढताना भुसावळच्या उकाड्यात फडकं सकाळ-संध्याकाळ तरी धुवा, कडक उन्हाळ्यात सहा तासांनी धुवा. हाताला चिकट लागले किंवा आंबट वास आला तर टाकून द्या. मुलांना आणि वयस्करांना कच्चे मोड देऊ नका, पाच-सात मिनिटं वाफवलेले द्या. वर लिंबू पिळा. हे लिंबू चवीपुरतं नाही. डाळी-कडधान्यांतलं लोह शरीराला सहज मिळत नाही, क जीवनसत्त्वासोबत ते जास्त शोषलं जातं. उलट चहा ते अडवतो. चार वाजता उसळ आणि चहा एकत्र घेण्याची आपल्या घरांतली सवय म्हणूनच बदलायला हवी. दोन्हींत तासाभराचं अंतर ठेवा, मुलीच्या बाबतीत तर नक्कीच.

कळण्याची भाकरी तुमच्याकडे होतच असेल. एक किलो ज्वारीला पाव किलो अख्खे उडीद, सालासकट, असं दळण माझ्याकडे असतं. धान्यात लायसिन नावाचा प्रथिनाचा घटक कमी असतो, डाळीत तो भरपूर असतो. डाळीत कमी असलेला मेथिओनिन धान्य देतं. दोन्ही एकत्र दळले की प्रथिनाचा दर्जा सुधारतो, आणि उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी थापताना चिरत नाही. याच पिठाच्या कुरकुरीत चकत्या करून ठेवा. पीठ गरम पाण्याने मळा, त्यात तीळ, ओवा, लसूण-मिरचीचं वाटण घाला. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये अगदी पातळ लाटा, वाटीने गोल कापा आणि मंद तव्यावर फडक्याने दाबत दाबत भाजा. तव्यावरून काढल्यावर एकावर एक रचू नका, एकीच्या वाफेने दुसरी मऊ पडते. जाळीवर सुट्या ठेवा. गार झाल्यावर मोडून बघा, कट् असा आवाज आला तर झाल्या. वाकल्या तर त्याच तव्यावर बारीक आचेवर आणखी पाच मिनिटं.

थंडीत या चकत्यांवर भरीत द्या. बामणोदकडची हिरवी-पांढरी, कमी बियांची मोठी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, सोबत भाजलेली मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात. पाहुण्यांपुढे ठेवायला यापेक्षा चांगलं मला तरी सुचत नाही. गॅसवर भाजलंत तरी चालेल, पण भाजल्यावर वांगं चाळणीत उभं ठेवून त्याचं पाणी निथळू द्या.

बिबड्यांचा मोसम उन्हाळा. भिजवून भरडलेल्या ज्वारीचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ, जिरे, लसूण-मिरची, मग कापडावर पातळ थापून उन्हात वाळवायचे. पारा ४४-४५ वर जातो ते दिवस बाकी सगळ्या गोष्टींना नकोसे असतात, बिबड्यांना तेच लागतात. घाट्यात मीठ नेहमीपेक्षा कमी घाला, कारण वाळल्यावर पाणी जातं आणि मीठ राहतं, चव खारट होते. दिवसभरात एका माणसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ पुरे, आणि पापड-बिबडे त्यातला मोठा वाटा कधी घेतात ते कळत नाही. तळू नका. विस्तवावर किंवा गॅसच्या जाळीवर भाजा, कुस्करून त्यावर कांदा, शेंगदाणे आणि थोडं कच्चं तेल. अर्धवट वाळलेला ओला बिबडा मुलाच्या हातात द्यायला विसरू नका, तो पाकिटाचं नाव काढणार नाही.

गोडासाठी तुपाची गरज पडत नाही. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, १०० ग्रॅम पीठ कोरडंच मंद आचेवर भाजा, कच्चा वास जाऊन खमंग वास यायला दहा-बारा मिनिटं लागतात. १५० ग्रॅम भाजलेले दाणे मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवा, त्यातच १०० ग्रॅम भाजलेले तीळ आणि साधारण १२५ ग्रॅम चिरलेला गूळ फिरवा. हे सगळं नागलीत कालवून कोमट असतानाच वळा. दाण्यांचं तेलच लाडू बांधतं. शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट, बुरसट वासाचे दाणे बाजूला काढून फेकून द्या, भाजून वापरू नका. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पूर्ण जात नाही. सासूबाईंना हा लाडू नको. गूळ साखरेपेक्षा सौम्य आहे असं समजून घरोघरी मधुमेहींना तो दिला जातो, आणि ते घातक आहे.

तीळ आणि नागली मुलीसाठी विशेष महत्त्वाची आहेत, कारण दूध सुटलं की कॅल्शियमचा प्रश्न येतो. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नागलीत ते साडेतीनशेच्या आसपास असतं, सालासकट तिळांत हजाराच्या वर. पण १०० ग्रॅम तीळ कोणी एका दिवसात खात नाही. दोन मोठे चमचे तीळ म्हणजे साधारण दोनशे मिलिग्रॅम, बाकीचं नागलीची भाकरी, शेवग्याचा पाला आणि पालेभाज्यांमधून यावं लागेल. शेवग्याचा पाला धुऊन, कोरडा करून फुणक्यांत किंवा कळण्याच्या पिठात मूठभर घाला. जवसाची चटणीही रोज चमचाभर असू द्या, तिच्यात ओमेगा-३ प्रकारची चरबी असते. जवस भाजून थोडीच कुटा, फार दिवस ठेवली तर खवट होते.

बी-१२ जीवनसत्त्वाचं मात्र कुठल्याही पदार्थाने भागणार नाही. ते वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. दूध-दही पूर्ण सोडलेल्या माणसाला ते गोळीतून किंवा बी-१२ मुद्दाम घातलेल्या पदार्थांतून घ्यावंच लागतं. मोड, आंबवलेले पदार्थ, शेवाळ यांच्या भरवशावर राहू नका. मुलीला रक्ततपासणी करून डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यायला सांगा. तिने निर्णय विचार करून घेतला असेल, त्याला ही एवढी जोड हवी. आणि सोयाबीन वापरायचं असेल तर भिजवून, पूर्ण शिजवूनच. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या सोयाबीनमधले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत.

शाळेच्या डब्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रश्न आठवड्याभरात येईलच. मार्च ते जूनमध्ये मोडाची उसळ, दाण्यांची कढी, कांदा घातलेलं काहीही डब्यात देऊ नका, दुपारपर्यंत आंबतं. डब्यात परतलेल्या फुणक्यांच्या चकत्या, केळ्याची टिक्की किंवा कळण्याच्या चकत्या द्या, सोबत कोरडी शेंगदाण्याची चटणी. फुणके डब्यात द्यायचे असतील तर त्यांत कांद्याची पात घालू नका, लसूण थोडा वाढवा. टिक्की तव्यावरून काढून जाळीवर पूर्ण निवल्यावरच डबा भरा, तळाशी सुती फडक्याचा तुकडा घाला, आणि चटणी वेगळ्या डबीत द्या.